दोन वर्षांचं पोर आणि कोकणची गाडी: निघण्यापासून परत येईपर्यंत

तान्हं बाळ घेऊन प्रवास करणं त्यामानाने सोपं. पाजलं, थोपटलं, झोपलं. पाच वर्षांच्या मुलाला निदान "कुडाळ आलं की उतरायचं" एवढं समजतं. खरी परीक्षा बघतं ते मधलं वय, चालायला लागल्यापासून तिसरं सरेपर्यंतचं. पाय फुटलेले असतात, पण ऐकायची सवय लागलेली नसते. अशा मुलाला घेऊन रात्रभराची गाडी गाठायची, घाट उतरायचा आणि गावी पोचल्यावर पंधरा नातेवाइकांच्या हाती त्याला सोपवायचं, हे सगळं कसं जमवायचं ते इथे क्रमाने सांगते.

उदाहरण मुंबई-ठाण्याहून सिंधुदुर्गला जाण्याचं घेतलंय, कारण तोच रस्ता मला पाठ आहे. माहेर डोंबिवलीचं, सासर कुडाळजवळचं; त्यामुळे शिमगा, मे महिना, गणपती या सगळ्याला पोर काखेत मारून जाणं आलंच. नागपूर किंवा लातूरकडे जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी माझं मत सांगून टाकते. मुलाची झोप सांभाळली तर बाकीचं निभावून नेता येतं. भूक, कंटाळा, हट्ट, रडारड यातलं निम्मं तरी अपुऱ्या झोपेतून येतं. म्हणून गाडी निवडण्यापासून गावी पोचल्यावरच्या पहिल्या दिवसापर्यंत प्रत्येक निर्णय झोपेला विचारून घ्यावा.

गाडी कोणती धरायची

मूल कधी उठतं, दुपारी कधी आणि किती वेळ झोपतं, रात्री कधी आडवं होतं हे एका कागदावर लिहा आणि शेजारी गाड्यांच्या वेळा मांडा. कोकणासाठी रात्रीची कोकणकन्या, दिवसाची मांडवी, पहाटेची जनशताब्दी आणि जून २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत हे नेहमीचे पर्याय.

दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी मी डोळे मिटून रात्रीची गाडी धरते. पोर घरूनच जेवून निघतं, डब्याच्या हेलकाव्याने झोपतं आणि उठतं तेव्हा बाहेर हिरवं दिसत असतं. दोनच्या पुढे मात्र दिवसाच्या गाडीची मजा वेगळी. मांडवीत दुपारची झोप बर्थवर होते, उरलेला वेळ खिडकी, बोगदे आणि फेरीवाले भरून काढतात. वंदे भारत लवकर पोचवते. पण ती खुर्च्यांची गाडी, म्हणजे मूल सगळा वेळ मांडीवर. शिवाय तिचे थांबे मोजके आहेत, कुडाळ त्यात नाही. कणकवलीला उतरून पुढे गाडी करावी लागते. जनशताब्दीसाठी पोराला मध्यरात्रीनंतर उठवून कपडे चढवावे लागतात. ते ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. मे महिन्यातल्या वेळा डोक्यात ठेवून ऑगस्टचं नियोजन करू नका, नाहीतर दुपारची झोप नेमकी उतरायच्या वेळेवर येते.

चढायचं कुठून, हाही विचार करण्यासारखा प्रश्न. ठाण्याला घर जवळ असलं तरी तिथे गाडी थोडाच वेळ थांबते. दोन मोठी माणसं असतील तर ठाणं बरं: एकाने मूल घेऊन चढायचं, दुसऱ्याने सामान. एकटीने जायचं असेल तर सरळ सीएसएमटी गाठा. तिथे गाडी आधी लागते, त्यामुळे सामान लावून, चादर अंथरून पोराला आडवं करेपर्यंत कुणी ढकलत नाही. यासाठी लोकलचा उलटा प्रवास करावा लागतो, पण तो परवडतो.

तिकीट आणि बर्थ

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर रेल्वेचं तिकीट लागत नाही. आरक्षण करताना बर्थशिवायचं बालक म्हणून त्याचं नाव टाकायची सोय असते, ती वापरा. बर्थ हवा असेल तर मात्र मोठ्यांइतकंच पूर्ण भाडं. रात्रीच्या प्रवासात दोन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी मी तो खर्च करावा असंच सांगेन. एका बर्थवर आई आणि आडवंतिडवं लोळणारं पोर म्हणजे आईची झोप गेलीच, आणि न झोपलेल्या आईचा दुसरा दिवस कसा जातो ते वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात हे कोकणी माणसाला सांगण्याची गरज नाही. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, आणि लहान पोर घेऊन "बघू, होईल काहीतरी" करायचं नसतं. तिकीट पक्कं झालं नाही तर चतुर्थीच्या आदल्या दिवसाचा हट्ट सोडा. दोन-तीन दिवस आधी निघा किंवा गौरी जेवल्यावर जा.

बर्थ खालचाच हवा. स्लीपर आणि थ्री एसीमध्ये प्रत्येक कप्प्यात १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ बाजूचा खालचा, ८ बाजूचा वरचा. पुढे आठ-आठ मिळवत जायचं, म्हणजे ९ आणि १२ पुन्हा खालचे. बाजूचा खालचा बर्थ दिवसा झकास: दोघांपुरती जागा आणि स्वतःची खिडकी. रात्री मात्र तो नको. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो आणि पोर सरळ बोळात पडू शकतं. परवडत असेल तर टू एसी घ्या. तिथे मधला बर्थ नसतो, त्यामुळे बसल्या बसल्या मुलाचं डोकं वर आपटत नाही.

लखनौ मेलच्या डब्यात मे २०२२ मध्ये आईच्या बर्थला जोडलेल्या छोट्या 'बेबी बर्थ'चा प्रयोग झाला होता. तसं काही आपल्या गाडीत मिळेल या आशेवर राहू नका. मूल खिडकीकडच्या भिंतीला, मोठं माणूस बाहेरच्या बाजूला, आणि मधल्या फटीत गुंडाळलेली चादर, ही जुनी पद्धतच खरी. काही जण साडीची झोळी बांधतात. घरी मीही बांधते, पण चालत्या गाडीत अचानक ब्रेक लागला की झोळी कुठल्या दांड्यावर आपटेल याचा नेम नसतो, म्हणून गाडीत नाही.

पिशव्या दोन, तिसरी नको

एक मोठी बॅग, ती बर्थखाली गेली की गावी पोचल्यावरच उघडायची. दुसरी हाताशी, खांद्याला लावायची, आणि प्रवासात लागणारी प्रत्येक वस्तू तिच्यातच. मूल कडेवर असताना एकच हात मोकळा असतो, म्हणून पिशवी एका हाताने उघडणारी हवी. नाडीवाली सॅक दिसते छान, कामाची नाही.

या हातपिशवीत कपड्यांचे जोड सुटे कोंबू नका. झबलं किंवा टीशर्ट, चड्डी, पायमोजे आणि डायपर असा एकेक पूर्ण जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. रात्री अंधारात उलटी झाली की एक पुडकं काढायचं, बदलायचं आणि ओलं त्याच पिशवीत गाठ मारून टाकायचं. असे तीन पुडके. आणि एक सदरा किंवा कुर्ता स्वतःसाठी, कारण पोर ओकतं ते बहुतेक वेळा आपल्या खांद्यावरच.

डायपर दर तीन तासांना एक, वर चार जास्तीचे. गाडी उशिरा धावली तर तेच चार कामी येतात. आजीची जुनी मऊ नऊवारी फाडून केलेली दुपटी असतील तर दोन घ्या. एकच दुपटं अंथरायला, पांघरायला, आडोसा करायला आणि पुसायला चालतं. जुनी वर्तमानपत्रं घ्या. बाल आधार किंवा जन्मदाखल्याची प्रत फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. खेळणी मोजकी. त्यातलं एक मुलाने आधी कधी न पाहिलेलं असावं, आणि ते पनवेल सोडेपर्यंत बाहेर काढू नये.

पोट

याबाबतीत आपल्या आज्यांनी बरंच काम करून ठेवलंय. प्रवासात तीन गोष्टी जपायच्या: पदार्थ टिकला पाहिजे, हाताने खाता आला पाहिजे आणि सांडला तरी चिकटता कामा नये.

पहिला मान दशमीचा. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवलेली, वर तूप लावलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. दाताने तोडता येईल एवढे तुकडे करून डब्यात भरा. गुळाची हवी असेल तर गूळ त्याच दुधात विरघळवून घ्या. सोबत केळी. राजगिऱ्याची वडी घेणार असाल तर ती चुरून भरवा, अख्खी हातात देऊ नका.

दुसरं, नुसत्या गरम पाण्यात किंवा दुधात होणारी पिठं. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, सातूचं पीठ, भाजलेल्या पोह्यांचं पीठ. यातलं एखादं गुळाची पूड घालून छोट्या डब्यांत एका वेळेचं मोजून भरा. घरून निघताना रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये उकळतं पाणी घ्या. वाटीत चार चमचे पीठ, वर पाणी, थोडं तूप, झालं जेवण. मेतकूट घेतलं तर पँट्रीतून येणाऱ्या साध्या भातालाही चव येते. गरम पाणी पँट्रीवाल्याकडे मागितलं तर सहसा मिळतं. डब्यातल्या प्लगला स्वतःची विजेची किटली मात्र लावू नका. त्यावर बंदी आहे आणि धोकाही आहे.

ज्या मुलाला घरी खिमटाची सवय आहे, त्याच्यासाठी भाजलेल्या तांदूळ-मुगाच्या डाळीची अगदी बारीक भरड करून घ्या. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचा, मग भरडीवर पाचपट उकळतं पाणी ओतून झाकण लावायचं. अर्ध्यापाऊण तासात ती खाण्याजोगी होते. घरी एकदा करून पाहा. थर्मास बरा असेल तरच हे जमतं.

काय द्यायचं नाही तेही सांगते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, आवळा सुपारी, चघळायच्या गोळ्या. या वयात हे घशात अडकतं, आणि हलत्या गाडीत, हसताना-उड्या मारताना खाल्लं तर जास्तच. शेजारच्या बाकावरच्या मावशी प्रेमाने चिक्कीचा तुकडा पुढे करतातच. "मावशी, आत्ताच जेवलीये ती, नंतर देते हं," म्हणून तुकडा घ्यायचा आणि स्वतः खायचा. त्यांचा मान राहतो, चिक्कीही वाया जात नाही.

पाणी घरचं उकळलेलं, संपलं तर सीलबंद. दूध थर्मासमध्ये फार वेळ ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. गरम पाणी आणि दुधाची पावडर वेगवेगळी नेणं जास्त सुरक्षित.

डब्यात शिरल्यावर

पहिली दहा मिनिटं मूल कुणाच्या तरी कडेवरच ठेवा आणि जागेची पाहणी करा. बर्थच्या कडेला पुसणी फिरवा. प्लगवर रुमाल खोचा. स्लीपरला असाल तर खिडकीची झडप खिळीत नीट अडकली आहे का ते हलवून बघा. ती सुटून बोटांवर पडते. एसी डब्यात बोटांना धोका असतो तो डब्याच्या टोकाच्या दारांचा. पोरांना ते ढकलायचा खेळ फार आवडतो आणि बिजागरीकडच्या फटीत बोट हमखास जातं. त्या बाजूला फिरायला न्यायचं तर हात धरूनच. तिसरी भीती चहाची. किटली आणि कागदी कप घेऊन चहावाला बोळातून येतो तेव्हा पोर मांडीवर हवं, तुमचा स्वतःचा चहाही पोर झोपल्यावर.

डायपर संडासात नेऊन बदलू नका. तिथे ना जागा असते ना आधार. बर्थवर वर्तमानपत्र, त्यावर दुपटं, आणि शेजाऱ्यांना "दोन मिनिटं हं" एवढं सांगितलं की कुणी काही म्हणत नाही. वापरलेला डायपर गुंडाळून पिशवीत, पिशवी डब्याच्या टोकाच्या कचरापेटीत. संडासात टाकलात तर जैवशौचालय तुंबतं आणि पूर्ण डबा तुम्हाला दुवा देतो. शी सांगायला शिकलेलं मूल गाडीत हटकून सांगायचं विसरतं, तेव्हा प्रवासापुरतं डायपर लावण्यात काही कमीपणा नाही.

आता आनंदाची बाजू. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते आणि तिथून बोगद्यांना तोटा नाही. नव्वदच्या वर आहेत. आमची लेक दीड वर्षाची असताना पहिल्या बोगद्यात दचकून रडली. पुढच्या वेळी मी आधीच सांगायला लागले: "आता अंधार येणार हं, मग उजेड." बोलायला लागल्यावर तिने त्याचा खेळ केला. बोगदा आला की "अंधाल!", संपला की टाळी वाजवून "उजेल!", आणि समोरचे आजोबा दर वेळी खोटं खोटं दचकत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तिथे "उजेल" काही येईना, तेव्हा तिने वळून माझ्या तोंडाकडे जी शंकेने पाहिलं! त्याच पट्ट्यात पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल येतो. पोराला त्याचं काही नसतं. त्याला पलीकडच्या शेतातली म्हैस जास्त महत्त्वाची वाटते. मोठ्यांनी मात्र खिडकी सोडू नये.

खेळाचा क्रम असा ठेवा की फुकटचं आधी, पिशवीतलं नंतर, मोबाइल सगळ्यात शेवटी. खिडकी, बोळातून फेरी, फेरीवाल्यांच्या नकला, समोरच्या माणसांशी लपाछपी, मग चित्रांचं पुस्तक, मग ते नवं खेळणं. मोबाइल द्यायचाच नाही असा माझा बाणा नाही. तो दिला की परत काढून घेताना रडं होतं, एवढं धरून शेवटच्या तासासाठी राखून ठेवा. गाणी आधी उतरवून ठेवा, कारण बोगद्यात नेटवर्क जातं.

उतरायची तयारी अर्धा तास आधी सुरू करा. कोकणातल्या छोट्या स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, काही ठिकाणी फलाटही डब्याच्या मानाने खाली असतो. आदलं स्थानक सुटलं की पोराला उठवा, तोंड पुसा, बूट चढवा. झोपेतून उठवून लगेच उतरवलेलं मूल फलाटावर अंग टाकून देतं, आणि तेव्हा सामान आणि मूल यातलं काय उचलावं हे कळत नाही.

गाडीत ताप, दुखापत असं काही झालं तर १३९ वर फोन करा किंवा रेल मदत अ‍ॅपवर कळवा. पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर बोलावता येतो.

स्वतःची गाडी, घाट आणि एसटी

स्वतःच्या गाडीने जाण्यात हवं तिथे थांबायचं स्वातंत्र्य आहे. पण घाट आहेत, आणि गाडी लागते. दोन वर्षांखाली हा त्रास सहसा कमी दिसतो, पुढे वाढतो. पुण्याहून ताम्हिणी, आंबा किंवा कोल्हापूरकडून गगनबावडा, फोंडा उतरताना नागमोडी वळणांत पोर आधी गप्प होतं, मग जांभया देतं, मग त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. ही गप्प बसण्याची वेळ ओळखा. "शहाण्यासारखी बसलीये" असं वाटतं आणि पुढच्याच वळणाला दूध बाहेर.

घाटाआधी दीड-दोन तास दूध आणि तुपकट काही नको. सुकी पोळी किंवा थोडा भात चालेल. घाटात पुस्तक, मोबाइल दोन्ही बंद. काच थोडी खाली, नजर लांब समोर. चालवणाऱ्याने वळणावर वेग कमी ठेवायचा, यासारखा दुसरा उपाय नाही. उलटीवरचं औषध शेजारणीने सांगितलं म्हणून देऊ नका. मोठ्यांना चालणारी काही औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नसतात. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या.

मूल गाडीत मांडीवर बसवायचं नाही. हे लिहिताना सगळ्या आज्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात, तरी लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा, अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं पोर हातांनी धरून राहत नाही. बालआसन मागच्या सीटवर, आणि निदान दोन वर्षांपर्यंत तोंड मागे करून. सवय नसलेलं मूल पहिल्यांदा त्यात बसताना भोकाड पसरतं, म्हणून महिनाभर आधीपासून भाजी आणायला जातानाही त्यातच बसवा. दर दोन तासांनी थांबा, उतरून धावू द्या. आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा पोराला बंद गाडीत एकटं ठेवू नका.

एसटीत पाच वर्षांखाली तिकीट नाही, आईला निम्मं. चाकांवरच्या आणि अगदी मागच्या सीट टाळा, तिथे धक्के जास्त बसतात. अनेक स्थानकांवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो. कुलूप असेल तर चौकशीच्या खिडकीवर किल्ली मागा, लाजू नका.

विमानाने गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरून सावंतवाडी-कुडाळ गाठणारेही आता बरेच. तिथे एकच लक्षात ठेवा: मांडीवरचं तिकीट दोन वर्षं पुरी होईपर्यंतच. जाताना दुसरा वाढदिवस व्हायचा असेल आणि येताना झालेला असेल, तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते. उतरताना कान दुखतात, तेव्हा पाणी किंवा दूध पाजत राहा.

भोकाड पसरलं तर

पसरणारच. तेव्हा आधी चार गोष्टी तपासा: ओलं आहे का, भुकेलं आहे का, उकडतंय किंवा गारठतंय का, झोप आली आहे का. यातलं काही नसेल तर तो हट्ट. हट्टाला समजावून सांगायला जाऊ नका, त्या क्षणी कान बंद असतात. जागा बदला. उचलून दाराजवळच्या मोकळ्या जागेत न्या, दार बंद असल्याची खात्री करा, तोंडावरून ओला हात फिरवा, आणि न बोलता उभ्या राहा. बहुतेक वेळा दोनचार मिनिटांत हुंदके उरतात.

डब्यातल्या लोकांचं काय? रडणाऱ्या पोरापेक्षा ओरडणाऱ्या आईबापांचा त्रास लोकांना जास्त होतो, असं माझं निरीक्षण आहे. एखादा बडबडतोही. त्याला हात जोडून "झोपेला आलीये" म्हणा आणि आपलं काम चालू ठेवा. दुसरी गोष्ट नवऱ्यांसाठी: "तुझ्याकडेच गप्प राहते ती" हे वाक्य प्रवासात वापरू नये. पाळ्या निघण्याआधी ठरवा, रत्नागिरीपर्यंत एक, पुढे दुसरा.

औषधाचा डबा

थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध, नेहमीची चालू औषधं, बँडेज आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी. तापाच्या औषधात एक गफलत नेहमी होते. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीलीटरला साधारण १०० मिलीग्रॅम औषध असतं, सिरपमध्ये पाच मिलीलीटरला १२० किंवा २५०. नाव तेच, रंग तोच, मात्रा वेगळी. घरची बाटली विसरून गावच्या दुकानातून दुसरी घेतली की गोंधळ होतो. म्हणून मुलाचं वजन आणि आपल्या बाटलीची मात्रा चिठ्ठीवर लिहून ठेवा.

ओआरएस म्हणजे पाण्यात मिसळायची पावडर. फळांच्या चवीचं डबाबंद गोड पेय जुलाबात उपयोगी नाही, उलट त्रास वाढवू शकतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, आणि चोवीस तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. सहा-आठ तास शू झाली नाही, शीमध्ये रक्त दिसलं, मूल मलूल पडलं किंवा पाणीही ठरेना, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

गावी पोचल्यावर

उतरल्याबरोबर सगळ्यांना बाळ हवं असतं. "हडे ये बगू, माझ्या झिला!" (इकडे ये बघू, माझ्या लेका) करत चुलत सासूबाई हात पुढे करतात आणि पोर तुमच्या मानेला विळखा घालतं. त्याला ओढून कुणाच्या हातात देऊ नका. तुम्ही पडवीत बसा, त्याला मांडीवर ठेवा, माणसांना येऊन बोलू द्या. तासाभरात ते स्वतःहून कोंबडीमागे धावतं आणि कोंबडीच्या वाटेत जो येईल त्याच्याशी त्याची गट्टी होते. दृष्ट काढायची असेल तर काढू द्या. भाकरतुकडा ओवाळल्याने कुणाचं काही बिघडत नाही, म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं. फक्त धुरीचा धूर नाकात जाणार नाही एवढं बघा.

पहिल्या दिवशी देवळं, मामाकडे जेवण, समुद्र यातलं काही नको. जेवण, आंघोळ, झोप. झोपताना घरचीच चादर आणि घरचंच गाणं.

मग घराची फेरी मारा, डब्यात मारली तशीच, पण जास्त बारकाईने. विहिरीचा कठडा केवढा आहे? कठडा बुटका असेल तर त्या बाजूचं दार कायम लावलेलं हवं. न्हाणीघरातला पाण्याचा बंब, चूल, भरलेल्या बादल्या, पडवीची पायरी. सड्यावरची (म्हणजे कातळाच्या माळावरची) आणि लाकडांच्या रचीतली जागा विंचवांची; बूट झटकून घाला, अंथरूण झटकून टाका, मूल जमिनीवर झोपवू नका. विंचू चावलाच तर मांत्रिक, उतारा यात एक मिनिटही घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुळवल्यापासून कोकणात विंचूदंशाने दगावण्याचं प्रमाण खूप उतरलं, पण मूल वेळेत दवाखान्यात पोचलं तरच तो उपयोगी. घाम फुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसायची वाट पाहू नका, लगेच निघा. साप चावला तरी हेच.

बाकी गावात पोराला मोकळं सोडा. मातीत बसू दे, गोठ्यात नेऊन वासराच्या कपाळाला हात लावू दे, आजोबांनी ताटातली पेज भरवली तर भरवू दे. शहरात जेवताना तोंड फिरवणारं मूल इथे खळ्यात बसून नाचणीची भाकरी मासळीच्या सारात कुस्करून खातं. काटे मात्र तुम्ही काढा.

परतीची गाडी

येतानाचा प्रवास जातानापेक्षा जड जातो. उत्साह संपलेला असतो, पिशव्या वाढलेल्या असतात: तांदूळ, कोकम, फणसाची पोळी, आणि मे महिना असेल तर आंब्याची पेटी. त्या पेट्या आधी पार्सलने पाठवा किंवा कुणी गाडीने येत असेल त्याच्याकडे द्या. हातपिशवीचे तीनही पुडके नव्याने भरा, थर्मास विसळून ठेवा, दशमीसाठी सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगा. निघायच्या दिवशी दुपारी मूल नीट झोपलं पाहिजे. निरोपाला येणाऱ्यांना चारनंतर यायला सांगितलं तर कुणी रागावत नाही.

घरी आल्यावर तीन-चार दिवस झोपेचं गणित बिघडलेलं राहतं. रात्री उठून "आजी कुठे" विचारणं, कडेवरून न उतरणं हे चालायचंच. रविवारी रात्री पोचून सोमवारी कामावर जायचं असं ठरवू नका. एक दिवस मध्ये ठेवा, आणि पाळणाघरालाही त्या दिवसाचं आधीच कळवून ठेवा.